तुकड्यांतून उभी राहणारी युद्धनौका

मोठी युद्धनौका बांधण्याची जुनी पद्धत सरळ होती. गोदीत आधी कणा बसवायचा, त्यावर फासळ्या उभ्या करायच्या, फासळ्यांवर पोलादी पत्रे चढवायचे आणि पोकळ सांगाडा पाण्यात उतरवायचा. यंत्रे, नळ, केबल, शस्त्रे आणि खलाशांच्या राहण्याच्या जागा यांचे काम त्यानंतर, तरंगत्या जहाजावर चालायचे. नव्या पद्धतीत जहाज आधी कागदावर, आणि आता संगणकावर, शेकडो तुकड्यांत विभागले जाते. या तुकड्यांना गोदीतले लोक ब्लॉक म्हणतात. प्रत्येक ब्लॉक छपराखालच्या कार्यशाळेत वेगळा तयार होतो, त्यातले नळ, हवेचे मार्ग, केबलचे ट्रे आणि यंत्रांच्या बैठका तिथेच बसवल्या जातात आणि मग हे भरलेले ब्लॉक क्रेनने उचलून एकमेकांना जोडले जातात. ब्लॉक वेगळा बनतो, म्हणून तो वेगळ्या गावात, वेगळ्या गोदीत, अगदी वेगळ्या देशातही बनू शकतो. त्यामुळे ब्लॉक-बांधणीचा प्रश्न आणि गोद्यांच्या भागीदारीचा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत.

या पद्धतीचे मूळ वेल्डिंगमध्ये आहे. रिव्हेट ठोकून जोडलेल्या जहाजात मोठे तुकडे वेगळे बनवून सांधणे फार जिकिरीचे होते. वेल्डिंगने ती अडचण दूर केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ‘लिबर्टी’ जातीची २,७१० मालवाहू जहाजे बांधली. हेन्री कायझर यांच्या कॅलिफोर्नियातील रिचमंड येथील गोदीत नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे जहाज कणा बसवल्यापासून पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरले. हा विक्रम मुद्दाम केलेला होता आणि त्यासाठी लागणारे मोठे भाग आधीच तयार करून ठेवले होते. तरी, वेळ कणा बसवल्यावर जात नाही, त्याआधीच्या तयारीत जातो, हे त्याने दाखवून दिले. याच वर्षांत काही वेल्डेड जहाजे थंड पाण्यात तडकली. रिव्हेटच्या सांध्यापाशी थांबणारी चीर अखंड वेल्डिंगमधून धावत गेली. पोलादाची जात आणि बांधणीची पद्धत यांचा विचार एकत्र करावा लागतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

जर्मनीने तेच तंत्र पाणबुडीला लावले. ‘टाइप २१’ ही पाणबुडी आठ भागांत विभागली गेली. पोलादी भाग समुद्रापासून दूरच्या कारखान्यांत बनले, कालव्यांतून वाहून आणले गेले आणि हॅम्बुर्ग, ब्रेमेन व डान्झिग येथे जोडले गेले. पुष्कळ भागांची मापे एकमेकांशी जुळली नाहीत. कापाकापी आणि पुन्हा जोडणी यात वाचवलेला वेळ खर्ची पडला. शंभराहून अधिक पाणबुड्या कागदोपत्री नौदलात दाखल झाल्या, पण युद्ध संपेपर्यंत प्रत्यक्ष गस्तीवर जाऊ शकल्या त्या दोनच. ज्यांनी कधी जहाज बांधले नव्हते त्यांच्याकडून घाईने, पुरेशी तपासणी न करता काम करून घेतल्याचा हा परिणाम होता. युद्धानंतर कायझर यांच्याकडे काम केलेल्या एल्मर हॅन यांनी हे तंत्र जपानमधील कुरे येथील जुन्या नौदल गोदीत नेले. तिथे त्याला मोजमापाची काटेकोर शिस्त मिळाली आणि आजची ब्लॉक-बांधणी तिथेच आकाराला आली.

एखादा ब्लॉक कसा बनतो, हे जवळून पाहिल्याशिवाय या पद्धतीचे बळ कळत नाही. पोलादाचे पत्रे संगणकाच्या हुकमतीखाली कापले जातात, त्यांना ताठपणा देणाऱ्या पट्ट्या जोडल्या जातात आणि त्या पॅनलपासून खोलीसारखा आकार उभा राहतो. हा आकार बहुतेक वेळा उलटा बांधतात. म्हणजे जहाजात जे छत असणार ते कार्यशाळेत जमिनीवर असते. छताखालून जाणारे नळ आणि केबलचे ट्रे बसवताना फिटरला मान वर करून हात उंचावत काम करावे लागत नाही, वेल्डरची काडीही खाली झुकलेली राहते. वितळलेला धातू खाली ओघळण्याऐवजी सांध्यात बसतो, त्यामुळे वेल्ड चांगला येतो. हे काम झाले की क्रेनने ब्लॉक सुलटा केला जातो, त्यावर रंगाचे हात दिले जातात आणि मग जवळचे दोन-तीन ब्लॉक जोडून मोठा ब्लॉक बनतो.

जहाजबांधणीत एक ढोबळ हिशेब पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो: जे काम कार्यशाळेत एका तासात होते, त्याला गोदीत उभ्या सांगाड्यावर तीन तास लागतात आणि पाण्यात उतरलेल्या जहाजावर आठ. आकडे कामागणिक बदलतात, पण क्रम बदलत नाही. तरंगत्या जहाजावर अरुंद जिन्यांतून सामान न्यायचे, एका वेळी एकाच माणसाला वाकता येईल अशा जागेत वेल्डिंग करायचे, शेजारी रंगकाम चालू असेल तर आग लागू नये म्हणून थांबायचे, यात दिवस जातात. म्हणून जलावतरणाच्या वेळी जहाजाचे वजन किती होते, यावरून ते किती भरलेले होते याचा अंदाज येतो. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये सप्टेंबर २०१६ मध्ये उतरलेल्या ‘मुरगाव’ या विनाशिकेचे त्या दिवशीचे वजन २,८४४ टन होते आणि तिचे पूर्ण वजन सुमारे ७,४०० टन. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथेच उतरलेल्या ‘तारागिरी’ या फ्रिगेटचे जलावतरणाचे वजन सुमारे ३,५१० टन होते आणि पूर्ण वजन साधारण ६,६७० टन. दोन जहाजे वेगळ्या जातीची आहेत, त्यामुळे तुलना ताणू नये, पण आठ तासांचे काम एका तासाच्या जागेत सरकत चालल्याचे हे आकडे सांगतात.

या फायद्याची किंमत आधी मोजावी लागते. ब्लॉकमध्ये नळ बसवायचा तर तो नळ कुठून कुठे जाणार, त्याच्या टोकाला कोणता पंप असणार आणि त्या पंपाचे बोल्ट किती अंतरावर असणार हे सारे पत्रा कापण्याआधी ठरलेले असावे लागते. जुन्या पद्धतीत पंप नंतर निवडला तरी चालत असे. नव्या पद्धतीत तो बदलला तर पूर्ण झालेला ब्लॉक फोडावा लागतो. दुसरी किंमत मापांची आहे. दोन ब्लॉकच्या कडा काही मिलिमीटरच्या आत जुळल्या नाहीत तर आतले डझनभर नळही जुळत नाहीत. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद आकसते, ते किती आकसेल याचा हिशेब आधीच धरावा लागतो. म्हणूनच काही ठिकाणी ब्लॉकच्या कडेला जादा पट्टी ठेवून ती जोडणीच्या वेळी कापतात. अनुभवी गोदी जादा पट्टी न ठेवता नेमक्या मापाचा ब्लॉक देते. पंख्याकडे जाणाऱ्या लांब दांड्याची सरळ रेषा साधताना तर सांगाड्यावर पडणारे ऊनही मोजावे लागते. एक बाजू तापली की सांगाडा किंचित वाकतो, म्हणून ही मापे रात्री किंवा पहाटे घेतली जातात.

एका गोदीच्या भिंतीआडच हे इतके अवघड असेल, तर दोन-चार गोद्यांत काम वाटल्यावर ते किती वाढेल हे उघड आहे. तरीही देश भागीदारी पत्करतात. कधी एकाही गोदीकडे पुरेशी जागा आणि माणसे नसतात, कधी एका गोदीला सगळे काम दिले तर दुसरी बंद पडेल ही भीती असते, आणि कधी तंत्रज्ञान परक्या कंपनीकडे असते.

पहिल्या कारणाचे ठळक उदाहरण ब्रिटनच्या ‘क्वीन एलिझाबेथ’ वर्गाच्या, प्रत्येकी सुमारे ६५,००० टनांच्या दोन विमानवाहू नौका. त्यांचे ब्लॉक गोव्हन, पोर्ट्समथ, ॲपलडोर, बर्कनहेड, टाइनकाठ आणि रोसाइथ अशा सहा ठिकाणी बनले आणि तराफ्यांवर चढवून समुद्रमार्गे रोसाइथला आणले गेले. गोव्हनहून ऑगस्ट २०११ मध्ये आलेल्या एका ब्लॉकचेच वजन सुमारे ८,००० टन होते. रोसाइथला हजार टन उचलणारी क्रेन चीनहून आणून बसवली होती. बीएई सिस्टिम्स, बॅबकॉक, थेल्स आणि ब्रिटिश संरक्षण खाते यांनी एक संयुक्त आघाडी करून हे काम केले. जोखीम आणि फायदा वाटून घेण्याची तिची रचना या प्रकल्पाचे खरे वैशिष्ट्य होते. जोडणी ठीक झाली. खर्च मात्र फुगला, आणि त्याचा मोठा भाग वेल्डिंगशी संबंधित नव्हता. २००८ च्या अखेरीस सरकारने त्या वर्षांचा खर्च वाचवण्यासाठी काम लांबवले आणि त्या एका निर्णयाने एकूण खर्चात दीड अब्ज पौंडांहून अधिक भर पडली.

दुसऱ्या कारणाचे उदाहरण अमेरिकेची ‘व्हर्जिनिया’ वर्गाची अणुपाणबुडी. इलेक्ट्रिक बोट आणि न्यूपोर्ट न्यूज या दोन गोद्या एरवी प्रतिस्पर्धी. १९९७ मध्ये त्यांनी करार केला. ठरावीक भाग कायम एकीने बनवायचे, बाकीचे दुसरीने, आणि अंतिम जोडणी आळीपाळीने करायची. दोन्ही गोद्या जिवंत राहिल्या, पण वर्षाला दोन पाणबुड्यांचे उद्दिष्ट अलीकडच्या काळात गाठता आलेले नाही. एकीकडे कामगार कमी पडले की दुसरीकडचा तयार भाग वाट पाहत राहतो. दोन गोद्यांची भागीदारी दोघींपैकी संथ गोदीच्या वेगाने चालते.

ऑस्ट्रेलियाच्या ‘होबार्ट’ वर्गाच्या विनाशिकांत मापांचा धडा पुन्हा गिरवावा लागला. ब्लॉक तीन ठिकाणी बनत होते आणि जोडणी ॲडलेडला व्हायची होती. २०१० मध्ये विल्यमस्टाउनला बनलेला कण्याचा एक मोठा ब्लॉक वाकडा आणि शेजारच्या भागाशी न जुळणारा निघाला. दोष बनवणाऱ्याचा की परदेशातून आलेल्या ड्रॉइंगचा, यावर भागीदारांत वाद झाला. ब्लॉकचे वाटप बदलावे लागले आणि कार्यक्रम लांबला. ड्रॉइंग बदलले तर ते सर्वांपर्यंत कोणी, किती दिवसांत पोचवायचे याची व्यवस्था वेल्डिंगइतकीच महत्त्वाची असते, हे या प्रकरणातून दिसते.

भारतातील मोठ्या जहाजबांधणीची कहाणी एका सोलापूरकरापासून सुरू करणे योग्य ठरेल. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. समुद्र नसलेल्या या जिल्ह्यातल्या माणसाने १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी करण्यात पुढाकार घेतला आणि जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला गोदीची पायाभरणी करवून घेतली. तिथे बांधलेले ‘जलउषा’ १९४८ च्या मार्चमध्ये पाण्यात उतरले. पुढे ती गोदी सरकारने घेतली आणि तिची हिंदुस्तान शिपयार्ड झाली. मालवाहू जहाज बांधता येते, हे वालचंदांनी सिद्ध केले. युद्धनौकेचे काम मुंबईत वाढले.

माझगावची गोदी अठराव्या शतकातली, पण युद्धनौकेची गोदी म्हणून तिचा काळ १९६० नंतर, सरकारी मालकीपासून सुरू होतो. व्हिकर्स आणि यारो या ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने तिथे ‘लिअँडर’ जातीची ‘निलगिरी’ ऑक्टोबर १९६८ मध्ये पाण्यात उतरली आणि जून १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. पुढच्या ‘गोदावरी’ वर्गाचा आराखडा भारतीय नौदलाच्या स्वतःच्या आराखडा विभागाचा होता. त्यानंतरच्या ‘दिल्ली’, ‘शिवालिक’, ‘कोलकाता’ या मालिका उत्तम जहाजे देत राहिल्या, पण प्रत्येक मालिका उशिरा आली. कॅगने देशी युद्धनौका-बांधणीवर दिलेल्या अहवालात याची कारणे दाखवली आहेत: आराखडा निश्चित होण्याआधी बांधणी सुरू करणे, बांधणी चालू असताना शस्त्रे आणि संवेदक बदलणे, आणि पोलाद वेळेवर न मिळणे. ‘शिवालिक’साठी रशियाकडून येणारे पोलाद रखडले. ती अडचण हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेने आणि सेल या सरकारी पोलाद कंपनीने मिळून डीएमआर २४९ ए हे देशी पोलाद तयार करून सोडवली. आज देशात बांधल्या जाणाऱ्या मोठ्या युद्धनौका बहुतेक याच पोलादाच्या असतात, आणि ब्लॉक-बांधणी इथे रुजण्यामागे हे मोठे कारण आहे. पत्रा हाताशी नसेल तर शेकडो ब्लॉकचे वेळापत्रक आखता येत नाही.

माझगावची दुसरी अडचण जागेची होती. मुंबईच्या दाट वस्तीत, भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळत, कमी उचलक्षमतेच्या क्रेनच्या भरवशावर भरलेला ब्लॉक हलवता येत नव्हता. आधुनिकीकरणात तिथे ३०० टन उचलणारी गोलायथ क्रेन, ब्लॉकसाठी मोठी मॉड्यूल कार्यशाळा आणि जहाजे उभी करण्यासाठी पाण्याची नवी बेसिन आली. त्यामुळे ‘प्रकल्प १७ अ’ ही या पद्धतीची भारतातली खरी परीक्षा ठरली. सात फ्रिगेटपैकी चार माझगावला, तीन कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सकडे. आराखडा नौदलाचा एकच, आणि ब्लॉक-बांधणीचे तंत्र समजावून देण्यासाठी इटलीच्या फिनकँटिएरीची मदत. करार २०१५ मध्ये झाला. सातपैकी सहा जहाजांना जुन्या लिअँडर मालिकेचीच नावे आहेत.

पहिले जहाज ‘निलगिरी’ सप्टेंबर २०१९ मध्ये पाण्यात उतरले आणि डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाच्या हाती आले, म्हणजे जलावतरणानंतर ६३ महिन्यांनी. त्याच गोदीतले दुसरे ‘उदयगिरी’ मे २०२२ मध्ये उतरले आणि जुलै २०२५ च्या पहिल्या दिवशी, ३७ महिन्यांत सोपवले गेले. २८ नोव्हेंबर २०२५ ला सोपवलेल्या ‘तारागिरी’च्या बांधणीला एकूण ८१ महिने लागले, तर ‘निलगिरी’ला ९३. पहिल्या जहाजावर आराखड्यातल्या चुका सापडतात, पुढच्यांवर त्या आधीच सुधारलेल्या असतात. ब्लॉक-बांधणीचा फायदा मालिका लांब असेल तेव्हाच पदरात पडतो. चार जहाजांच्या मालिकेत तो चौथ्यापाशी कुठे पूर्ण दिसू लागतो आणि तिथेच मालिका संपते. २६ ऑगस्ट २०२५ ला माझगावची ‘उदयगिरी’ आणि कोलकात्याची ‘हिमगिरी’ विशाखापट्टणमला एकाच दिवशी दाखल झाल्या. दोन गोद्यांनी एकाच आराखड्यावर काम केल्याचा तो दृश्य पुरावा होता. मात्र या भागीदारीत प्रत्येक गोदी आपले पूर्ण जहाज बांधते, दुसरीचे ब्लॉक जोडत नाही, हा ब्रिटनच्या पद्धतीपासूनचा महत्त्वाचा फरक आहे. ब्रिटनशी अधिक जवळचे उदाहरण ‘सुरत’ या विनाशिकेचे. तिचा सांगाडा दोन वेगळ्या ठिकाणी बनून माझगावला जोडला गेला. मे २०२२ मध्ये पाण्यात उतरलेली ‘सुरत’ १५ जानेवारी २०२५ ला नौदलात दाखल झाली.

आकाराने सर्वांत मोठे भारतीय उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे, कोचीन शिपयार्डच्या ‘विक्रांत’चे. तिचा सांगाडा ८७४ ब्लॉकचा. फेब्रुवारी २००९ मध्ये कणा बसवण्याचा समारंभ झाला तेव्हा त्यातले ४२३ ब्लॉक तयार होते. तरी ती सप्टेंबर २०२२ मध्ये दाखल झाली. पोलाद, गिअरबॉक्स आणि विमानविषयक यंत्रणा यांनी मधली वर्षे घेतली. ब्लॉक लवकर बनले म्हणून जहाज लवकर होत नाही.

पाणबुडीत भागीदारीचे स्वरूप आणखी नाजूक असते. जर्मन आराखड्याची ‘शंकुल’ ही पाणबुडी १९९४ मध्ये दाखल झाल्यावर माझगावला वर्षानुवर्षे नवी पाणबुडी मिळाली नाही. जर्मन तंत्रज्ञान शिकलेले वेल्डर आणि फिटर पांगले, निवृत्त झाले. २००५ मध्ये फ्रान्सशी सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार झाला तेव्हा ही विद्या जवळजवळ नव्याने शिकावी लागली. त्यातल्या पहिल्या ‘कलवरी’चे पाच स्वतंत्र भाग जुलै २०१४ मध्ये वेल्ड करून एक झाले. दाबाखाली जाणाऱ्या सांगाड्यावरचा हा सांधा क्ष-किरण आणि ध्वनिलहरींनी तपासावा लागतो, आणि एकदा बंद केलेल्या सांगाड्यात मोठे यंत्र परत नेता येत नाही. ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये दाखल झाली, सहावी ‘वाघशीर’ जानेवारी २०२५ मध्ये. ‘शंकुल’पासून ‘कलवरी’पर्यंतची तेवीस वर्षे ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी चूक मानली पाहिजे. क्रेन पुन्हा विकत घेता येते, वेल्डरचा हात नाही.

जहाजबांधणीतली भागीदारी किनाऱ्यापुरती नाही, पण तिची भौगोलिक मर्यादा नीट समजून घ्यावी लागते. नव्या ‘निलगिरी’ची रुंदी १७.८ मीटर आहे. तिचा पूर्ण रुंदीचा ब्लॉक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्यावरून जाणाऱ्या रत्नागिरी–नागपूर महामार्गावर मावणारच नाही, पुलाखालून आणि गावातून तो नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून ब्लॉक बनवणारी गोदी पाण्याकाठीच हवी. पण ब्लॉकच्या आत जे बसते ते रस्त्याने जाते. सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात वालचंदांनीच वसवलेल्या वालचंदनगरमध्ये साखर कारखान्याच्या यंत्रांपासून सुरू झालेला उद्योग नौदलासाठी गिअरबॉक्स बनवतो. ‘विक्रांत’च्या उभारणीत सहभागी झालेल्या मोठ्या देशी उद्योगांत किर्लोस्करांचे नाव आहे, आणि त्या घराण्याची किर्लोस्करवाडी मंगळवेढ्याच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात आहे. सोलापूर–सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातले लेथ आणि फाउंड्रीचे कौशल्य या साखळीत सामावू शकते. त्यासाठी पंपाचे बोल्ट नेमक्या मापात आणि ठरल्या महिन्यात देण्याची हमी लागते, कारण ब्लॉक वाट पाहत थांबला तर त्याच्यामागचे सगळे थांबतात.

परदेशी तंत्रज्ञानाच्या भागीदारीची पुढची पायरी गोव्यात आणि मुंबईत चालू आहे. वास्कोच्या गोवा शिपयार्डने जानेवारी २०१९ च्या करारानुसार रशियन आराखड्याच्या दोन फ्रिगेट बांधायला घेतल्या आणि त्यातली ‘त्रिपुट’ जुलै २०२४ मध्ये पाण्यात उतरवली. या जहाजांना लागणारी गॅस टर्बाइन युक्रेनची, म्हणजे आराखडा देणारा आणि इंजिन देणारा देश एकमेकांशी युद्धात असतानाही दोन्ही धागे गोव्यात जुळवून ठेवावे लागतात. माझगाव डॉकने जर्मनीच्या टीकेएमएस या कंपनीसोबत ‘प्रकल्प ७५ (आय)’च्या सहा पाणबुड्यांसाठी प्रस्ताव दिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाशी त्याच्या वाटाघाटी सुरू झाल्या. स्कॉर्पिनवर हात बसलेले कामगार नव्या पाणबुडीचा पहिला पत्रा कापण्याआधी दुसरीकडे जाणार नाहीत, इतक्या वेगाने हा करार होणे गरजेचे आहे.